झाकली मूठ कुणाच्या कामाची?



गेल्या पावसाळ्यात आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरची रद्दी विकली गेली. गुरुजी जाऊन दोन महिने झाले होते. मुलगा पुण्याहून आला होता. घर भाड्याने द्यायचे होते, म्हणून एक खोली रिकामी करणे चालले होते. मी अभ्यासिकेकडे निघाले तेव्हा रद्दीवाला वऱ्हांड्यात काटा लावून बसला होता. ढिगात वर्तमानपत्रे थोडी, बाकी सगळ्या टाचणवह्या. एक उचलून पाहिली. इयत्ता तिसरी, भागाकार. डाव्या पानावर रीतीप्रमाणे घटक, उपघटक, उद्दिष्टे. उजव्या पानावर लाल शाईने गुरुजींनी स्वतःसाठी लिहिले होते: पुस्तकातले उदाहरण चालले नाही. सतरा बोरे पाच जणांत वाटायला दिली. उरलेल्या दोन बोरांवरून भांडण झाले, तिथून 'बाकी' शिकवली. लगेच कळले.

मी विहारातल्या अभ्यासिकेत तीन आठवडे 'बाकी' शिकवत होते आणि पोरांच्या डोक्यात ती शिरत नव्हती. उत्तर माझ्या घरापासून चार घरे पलीकडे, एका वहीत पडून होते. त्या दिवशी माझ्या हाती चार वह्या लागल्या. बाकीच्या किलोच्या भावाने गेल्या. गुरुजींच्या मुलाने मला विचारले, "ताई, याचं आता कोण काय करणार?" मी त्याला दोष देत नाही. तीन वर्षे मी त्या घरावरून जात होते. १४ एप्रिलच्या वर्गणीसाठी दार वाजवले, ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या गाडीत नाव लिहायला वाजवले. "गुरुजी, तुम्ही भागाकार कसा शिकवायचात?" हे विचारायला मात्र एकदाही वाजवले नाही.

घराच्या फाटकावर पाटी होती, 'विसावा'.

हा लेख त्या गुरुजींची श्रद्धांजली म्हणून लिहीत नाही. आपल्या समाजातला निवृत्त शिक्षक आणि आज वर्गात उभा असलेला शिक्षक, या दोघांमध्ये जी दरी आहे ती चळवळीचा प्रश्न आहे, असे मला म्हणायचे आहे. शिकवण्याची विद्या ज्याने तीस-पस्तीस वर्षे घडवली, त्याने ती निवृत्तीनंतर कामात बुडालेल्या तरुण शिक्षकाच्या हाती द्यावी. आणि ती मागून घेण्याची जबाबदारी आपली, कार्यकर्त्यांची आहे.

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. अब्रू झाकण्यापुरती ती ठीक असेल. पण ज्ञानाच्या बाबतीतही या देशाने हीच रीत पाळली. ज्याला येते त्याने झाकून ठेवायचे, आपल्या पोराला द्यायचे, फार तर आपल्या जातीच्या पोराला द्यायचे. जातिव्यवस्था म्हणजे नुसती विटाळाची व्यवस्था नव्हती. कुणाला काय कळू द्यायचे आणि कुणाला नाही, याचा तो पक्का बंदोबस्त होता.

या बंदोबस्ताविरुद्ध तथागतांनी जे सांगितले ते आपण पुरेसे वाचत नाही. महापरिनिब्बान सुत्तातला प्रसंग आहे. वैशालीजवळच्या वेळुव गावी शेवटचा वर्षावास. भगवान आजारातून उठले आहेत, वय ऐंशीच्या घरात. संघाला काही तरी शेवटचे सांगितल्याशिवाय भगवान जाणार नाहीत, अशी आनंदाला आशा आहे. भगवान त्याला विचारतात, संघ आता माझ्याकडून आणखी कशाची अपेक्षा करतो? आतले शिष्य आणि बाहेरचे शिष्य असा भेद न करता मी सगळा धम्म सांगून टाकला आहे. तथागताजवळ 'आचरियमुट्ठि' नाही. आचरियमुट्ठि म्हणजे आचार्याची झाकलेली मूठ. खरी विद्या मरेपर्यंत हातात दाबून ठेवायची गुरूची सवय. स्वतःच स्वतःचा दीप व्हा हा उपदेश आपण विहाराच्या भिंतीवर रंगवतो. तो याच प्रसंगातला आहे, मुठीच्या गोष्टीनंतर लगेच येणारा. क्रम ध्यानात घ्या. आधी गुरूने मूठ उघडली, मग शिष्याला म्हटले, आता स्वतःच्या उजेडाने चाल. मूठ झाकून ठेवून दुसऱ्याला 'स्वयंप्रकाशित हो' म्हणणे हा निव्वळ फसवेपणा होतो.

आता मूठ उघडणे रोजच्या व्यवहारात कसे दिसते ते सांगते.

आमच्या तालुक्यात केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. नामांतराच्या लढ्याच्या काळात वसतिगृहात राहून शिकलेल्या, पुढे चौतीस वर्षे जिल्हा परिषदेत. निवृत्त होऊन दुसऱ्याच महिन्यात त्यांना एका वाडीवरच्या शिक्षणसेवकाचा फोन आला. "बाई, माझी पोरं एकशे पाच लिहा म्हटलं की एक, शून्य, शून्य, पाच लिहितात. दहादा सांगितलं. काय करू?" बाईंनी त्याला फोनवर सांगितले, आणि रात्री तेच एका कागदावर लिहून काढले. पुढच्या शनिवारी दुसरे पान लिहिले. आज सत्तरेक शिक्षकांना दर शनिवारी संध्याकाळी बाईंचे एक पान जाते. कुणाला फोनवर फोटो, कुणाला झेरॉक्स.

पान एकच, पाठकोरे. वर वर्गातली एक अडचण. मध्ये सोमवारी करून बघता येईल अशी एक गोष्ट, दहा मिनिटांत होणारी, पैसे न लागणारी. खाली ज्याला वेळ असेल त्याने आणखी काय वाचावे, ते दोन ओळींत. बस्स.

एकशे पाचचे पान मी पाहिले आहे. बाई लिहितात, पोर निष्काळजी नाही. ते जसे ऐकते तसे लिहिते. एकशे म्हणजे १००, त्याच्यापुढे पाच. तेव्हा त्याला दहादा सांगू नका. जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डे करा. १००चे कार्ड लांब, ५चे आखूड. आखूड कार्ड लांब कार्डाच्या शेवटच्या शून्यावर ठेवायला सांगा. शून्य झाकले गेले की १०५ त्याचे त्यालाच दिसेल. दुसरे एक पान पंचवीस आणि बावन्नच्या गोंधळावर आहे. आपले मराठी संख्याशब्द एकक आधी उच्चारतात आणि दशक नंतर, लिहिताना मात्र दशक आधी येतो; म्हणून पोर पंचवीस ऐकून ५२ लिहिते. २०१९मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांपैकी कितीजणांनी पहिल्या पिढीच्या पोराला संख्या शिकवल्या असतील? बाईंनी त्या वादात बाजू घेतली नाही. अडचण खरी आहे एवढे लिहिले आणि तिच्यावरचा खेळ दिला.

हे सगळे बाईंच्या डोक्यातून येते असे नाही. 'जीवन शिक्षण', 'पालकनीती', 'शैक्षणिक संदर्भ' यांचे जुने अंक त्यांच्याकडे गठ्ठ्याने आहेत. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी आणि सर्वांसाठी मोफत खुली केलेली पुस्तके त्या नातवाकडून उघडून घेतात. पालघर जिल्ह्यातल्या सोनाळ्याला क्वेस्ट संस्थेचे सुरुवातीच्या वाचन-लेखनावर जे काम आहे, ते वाचतात. शंभर पाने वाचतात, एक पान काढतात. मी एकदा म्हटले, "बाई, सगळंच पाठवा ना, ज्याला हवं तो वाचेल." त्या हसल्या. "अगं, त्यांच्या फोनवर रोज शंभर गोष्टी येतात. मी एकशे एकावी टाकली तर ती उघडायची कोणी? निवडून देणं हेच तर माझं काम आहे. मला वेळ आहे, त्यांना नाही."

त्यांना वेळ का नाही, हा पुढचा प्रश्न आहे. तो टाळून निवृत्तांचे कौतुक करणे हा भाबडेपणा होईल.

आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या शाळेची स्थिती पाहा. शिक्षणहक्क कायद्याच्या हिशोबाने प्राथमिकला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पहिली ते चौथी किंवा पाचवी एवढे वर्ग आणि दोन माणसे. एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. त्यात एक शिक्षक पोषण आहाराचा तांदूळ मोजतो, यू-डायसची माहिती भरतो, आधार जुळत नाही म्हणून पालकाला शोधत वीटभट्टीवर जातो, बीएलओ म्हणून मतदारयादी घेऊन घरोघरी फिरतो. दुपारी गटावर निरोप येतो, 'अतितातडीचे, माहिती आजच्या आज, निरंक असल्यास निरंक अहवाल द्यावा.' पोरे पाटीवर रेघा ओढत बसतात आणि मास्तर रेंज शोधत पाण्याच्या टाकीवर चढतो.

कायदा काय म्हणतो? शिक्षणहक्क कायदा २००९, कलम २७. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढे सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम लावता येत नाही. याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत, आणि त्यात तयारीचा वेळ धरलेला आहे. म्हणजे उद्याच्या पाठाची तयारी हा शिक्षकाच्या कामाचा भाग आहे, ती त्याच्या झोपेतून काढायची नाही, हे कायद्याने मान्य केले आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. निष्ठा, दीक्षा अशी ऑनलाइन प्रशिक्षणेही आली. हेतू चांगले असतील. पण शाळेतून हा वेळ मोकळा करून दिला जात नाही, म्हणून शिक्षक व्हिडिओ लावून ठेवतो आणि दुसरा फॉर्म भरतो. प्रमाणपत्र निघते, वर्गात काही बदलत नाही.

यात मरतो कोण? ज्यांच्या घरी शिकवायला कोणी आहे, ज्यांना शिकवणी लावता येते, त्यांची पोरे तरतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत कोण बसले आहे ते हजेरीपट उघडून बघा. आपली पोरे, पारध्यांची पोरे, तांड्यावरची पोरे, ऊसतोडीला जाऊन चार-पाच महिन्यांनी परत येणारी पोरे, मोलमजुरी करणाऱ्या मुस्लिमांची पोरे. या पोरांच्या आयुष्यात शाळेतला तासच काय तो आहे. तो तास शिक्षकाच्या अपुऱ्या तयारीमुळे वाया गेला, तर घरी तो भरून काढणारे कोणी नाही. म्हणून शिक्षकाचे शिकणे हा शिक्षण खात्याचा अंतर्गत मामला नाही, तो आपल्या वस्तीचा मामला आहे.

महात्मा फुल्यांना हे १८८२मध्ये कळले होते. हंटर कमिशनपुढच्या निवेदनात त्यांनी शाळांची नुसती संख्या मागितली नाही. शिक्षक प्रशिक्षित हवेत, शक्य तो शेतकरी वर्गातून आलेले हवेत, मुलांमध्ये मिसळणारे आणि नांगर हातात धरायला न लाजणारे हवेत, असे मागितले. त्यांचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा हेही मागितले. शिक्षक कोण आहे, तो काय शिकून आला आहे, आणि त्याला पोट भरण्याइतके मिळते का, हे तिन्ही प्रश्न जोतीरावांनी एकत्र मांडले. आपण आज पहिल्यावर भांडतो, तिसऱ्यावर संघटना भांडतात, मधला प्रश्न मोकळा पडला आहे.

मधला प्रश्न म्हणजे काय, ते माझ्यावरून सांगते. मी सहावीत होते. वर्गशिक्षक चांगले होते, मारत नसत, गणित उत्तम शिकवत. एके दिवशी वर्गात येऊन म्हणाले, "शिष्यवृत्तीवाल्या उभ्या राहा." आम्ही चौघी उभ्या राहिलो. मागून कोणी तरी हळूच काही बोलले आणि हसू पसरले. सरांनी ऐकले नाही, किंवा ऐकले असेल. फॉर्म वाटून ते पुढच्या धड्याकडे वळले. ती सावित्रीमाईच्या नावाची शिष्यवृत्ती होती, माझा हक्क होता. पण वर्षभर मी त्या बाकावर मान खाली घालून बसले. सर दुष्ट नव्हते. त्यांना कोणी सांगितले नव्हते. दोन पदव्या, कितीतरी प्रशिक्षणे झाली असतील, पण फॉर्म कसा वाटावा हे कुठल्याही प्रशिक्षणात नव्हते.

बाईंचे एक पान नेमके यावर आहे. त्यात गणित नाही. नाव घेऊन उभे करू नका. सगळ्या वर्गाचे कोणते ना कोणते कागद असतातच, ते एकाच वेळी, एकेकाला टेबलाजवळ बोलावून द्या. वर्ग कोण झाडते, पाणी कोण आणते, सरांचा डबा कोण धुते याची आठवडाभर नोंद ठेवा आणि शनिवारी स्वतःच वाचा. पोर 'म्या गेल्तो' म्हणाले तर मध्येच 'मी गेलो होतो' म्हणून तोडू नका. गोष्ट पुरी होऊ द्या, प्रमाण भाषा पुढच्या तासाला शिकवा. हे लिहायला बाईंना कुठले पुस्तक लागले नाही. त्यांनी ते भोगले होते, आणि शिक्षिका म्हणून पस्तीस पोरांसमोर उभे राहून सुधारलेही होते. आपल्या निवृत्त शिक्षकाच्या मुठीत हे आहे. पद्धती शिकवणारे बाकी साहित्य कुठेही मिळेल. अपमान न करता कसे शिकवायचे, हे ज्याने दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे तोच लिहू शकतो.

आता आक्षेपांकडे येते. आमच्या बैठकीत हे मांडले तेव्हा तीन आक्षेप आले, आणि तिन्ही वजनाचे होते.

पहिला आक्षेप एका बेरोजगार डी.एड. मित्राचा. "निवृत्तांना पुन्हा शाळेत आणायचं आणि आम्ही कुठं जायचं?" त्याचा राग खरा आहे. २०२३च्या जुलैमध्ये राज्य सरकारने जिल्हा परिषद शाळांतल्या रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार रुपये मानधनावर तात्पुरते नेमण्याचा निर्णय काढला होता. पेन्शन घेणाऱ्याला पुन्हा खुर्ची आणि पात्रता परीक्षा पास होऊन बसलेल्याला प्रतीक्षा! या निर्णयाला विरोध रास्तच होता. मी जे म्हणते आहे ते याच्या बरोबर उलट आहे. निवृत्ताने खुर्ची मागायची नाही. वर्ग तरुणाचा, जागा तरुणाची, पगार तरुणाचा. निवृत्ताने त्याच्या हातात पान द्यायचे आणि बाजूला व्हायचे. रिक्त जागा भरण्याची मागणी त्याच दमाने चालू ठेवायची. अशैक्षणिक कामांविरुद्ध कलम २७ घेऊन निवेदन द्यायलाही याच निवृत्तांना पुढे करा. त्यांच्यावर ना बदलीची टांगती तलवार आहे, ना कारणे दाखवा नोटिशीची. नोकरीतला शिक्षक जे बोलू शकत नाही ते निवृत्त शिक्षक बोलू शकतो.

दुसरा आक्षेप, "सगळं मोबाइलवर आहे, या म्हाताऱ्यांची गरज काय?" मोबाइलवर सगळे आहे हेच तर दुखणे आहे. भागाकार शोधला तर हजार व्हिडिओ येतील. त्यातला कोणता तीन इयत्ता एकत्र बसणाऱ्या, वीज जाणाऱ्या, निम्मी पोरे फेब्रुवारीत कारखान्यावरून परत येणाऱ्या खोलीत चालेल, हे सांगायला त्या खोलीत उभा राहिलेला माणूसच लागतो.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. "सगळेच निवृत्त काही बाईंसारखे नसतात. काहींनी आयुष्यभर छडी चालवली, काही आता दुपारी पत्ते खेळतात, काही तरुणांना फक्त 'आमच्या वेळी' ऐकवतात." खरे आहे. नुसते वय हे पात्रता नव्हे. कालामांना भगवानांनी काय सांगितले? परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, हा आमचा गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नका. तपासून हिताचे वाटले तरच घ्या. हीच कसोटी लावायची. बाईंनी मागे ऊसतोडीवरून परत आलेल्या पोरांसाठी एक पान लिहिले होते, त्यांना वेगळे बसवून महिनाभरात मागचे भरून काढण्याची रीत. एका तरुण शिक्षिकेने सरळ कळवले, "बाई, वेगळं बसवलं की पोरं यायचीच बंद होतात. माझ्या दोन मुली आल्या नाहीत." बाईंना दोन दिवस वाईट वाटले, हे मला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या शिक्षिकेच्या शाळेत जाऊन अर्धा दिवस मागच्या बाकावर काढला. पुढच्या शनिवारच्या पानावर वरच लिहिले होते, 'मागचे पान चुकले. सुधारून देत आहे.' सुधारलेल्या पानात परत आलेल्या पोराला जोडीदार देण्याची, आणि कारखान्याच्या पालावर पाहिलेल्या गोष्टींवर पहिला आठवडा लिहिते-बोलते करण्याची रीत होती. ती अर्धी त्या शिक्षिकेची होती आणि पानावर तसे लिहिले होते.

चूक मान्य करणारा निवृत्त शिक्षक मिळाला तर त्याला धरून ठेवा. नाही मिळाला तर पत्ते खेळणाऱ्याला खेळू द्या.

१९५६च्या मार्चमध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी वेदना बोलून दाखवली, ती आपण दर जयंतीला ऐकवतो. समोर बसलेला नोकरदार मान खाली घालतो, टाळ्या होतात, कार्यक्रम संपतो. शिकलेल्याने नेमके काय करावे, हे मात्र आपण त्याला सांगत नाही. वर्गणी मागतो. पैसे द्यायला तो तयार असतो, कारण पैसे देऊन सुटता येते. त्याला जे येते ते मागा.

मागण्याची रीत अशी असू शकेल. येत्या वर्षावासात आपापल्या विहारात ग्रंथवाचन होईलच. त्याच्या आधी एका रविवारी वस्तीतल्या निवृत्त शिक्षक-शिक्षिकांची यादी करा. प्रत्येकाकडे दोघांनी जा. सत्काराला बोलावू नका. शाल आणि पुष्पगुच्छ सेवापूर्तीच्या दिवशी मिळून गेलेला असतो. एकच प्रश्न घेऊन जा: वर्गात सगळ्यात अवघड काय गेले आणि ते तुम्ही कसे सोडवले? ते बोलतील ते लिहून घ्या. टाचणवह्या असतील तर मोबाइलवर फोटो काढा, विहारात एक कपाट द्या. मग जवळच्या शाळेतल्या शिक्षकांकडे जा, तो आपला असो वा नसो, आणि विचारा की तुम्हाला या आठवड्यात काय अडते आहे. आधी त्याची अडचण, मग निवृत्ताचे पान. हा क्रम उलटला तर आणखी एक सरकारी परिपत्रक तयार होईल. केंद्राच्या शिक्षण परिषदेत निदान अर्धा तास माहितीच्या तक्त्यांऐवजी शिकवण्यावर बोलले जावे, अशी मागणी शाळा व्यवस्थापन समितीतल्या आपल्या पालकांनी ठराव करून लावून धरावी. आणि जो शिक्षक पान वापरून बघेल त्याने 'चालले' किंवा 'चालले नाही' एवढे तरी कळवावे.

'तो आपला असो वा नसो' हे मुद्दाम लिहिले. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतरची तुटपुंजी मिळकत त्यांनी भीमरावांच्या पुस्तकांवर घातली. ते वडील होते. पण दादा केळुसकर वडील नव्हते, जातीचेही नव्हते. मुंबईतले शिक्षक. एका अभिनंदन सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र त्या मुलाच्या हातात ठेवले. बाबासाहेबांनी पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना प्रस्तावनेत या पुस्तकाची आठवण केली. एका शिक्षकाने मूठ उघडली ती कुठवर गेली, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आपल्या निवृत्तांनीही मूठ उघडताना समोरच्याची जात पाहू नये. ज्याच्या वर्गात गरिबाचे पोर आहे तो आपला.

शेवटी त्या पाटीकडे येते. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला देण्याचे आवाहन केले. आपण तो पैशात मोजतो, आणि बहुतेक वेळा देतही नाही. निवृत्त माणसाची खरी मिळकत वेळ आहे. दिवसाचा विसावा भाग म्हणजे ७२ मिनिटे. एवढ्या वेळात एक मासिक चाळून होते, एक पान लिहून होते, एका अडलेल्या शिक्षकाचा फोन घेऊन होतो. उरलेले तास खुशाल विसावा घ्या. तो तुम्ही कमावलेला आहे.

त्या चार वह्या सध्या बाईंकडे आहेत. सतरा बोरांचे पान मागच्या महिन्यात सत्तर शिक्षकांकडे गेले, खाली गुरुजींच्या नावासह. तिघांनी कळवले, 'चालले.' एकाने लिहिले, बोरे मिळाली नाहीत, चिंचोके वापरले, भांडण झाले नाही, पुन्हा करून बघतो.

तुमच्या वस्तीत कुणाच्या फाटकावर 'विसावा' लिहिले आहे ते आठवा, आणि या रविवारी ते दार वाजवा. रद्दीवाला पोहोचण्याआधी.

जय भीम! जय सावित्री!